रंगवलेले शॉक

परवा नातवाच्या गाडीला नवे शॉक ॲब्सॉर्बर बसवताना गॅरेजात काळ्या रंगाचा वास आला आणि माझं डोकं भडकलं.

साठ-बासष्टच्या सुमाराची गोष्ट. कानडी मुलखात, चामराजपेटेत माझ्या थोरल्या भावाचं, अण्णाचं गॅरेज होतं आणि मी तिथे मेकॅनिक होतो. एक सुईणबाई आपली मोटार घेऊन आल्या. मडगार्ड दाबून सोडलं की गाडी चार-चारदा डुलायची. शॉकमधून तेल गळत होतं.

"बाळंतिणींना यातूनच इस्पितळात नेते. चांगले नवे बघून घाला हं," त्या म्हणाल्या.

अण्णानं आणून दिलेला शॉक हातात घेताच माझा अंगठा काळा झाला. जुनाच होता, नुसता रंगवलेला. दांडा दाबला तर सुळकन आत गेला.

"अण्णा, यात काही दम नाही!"

"स्वल्प, जरा गप्प बस. त्यांना काय कळतंय?"

अंगाची लाही लाही झाली. तरी मी ते बसवले. जाताना बाईंनी मला आशीर्वाद दिला.

पुढे महिनाभर मी अण्णाशी बोललो नाही. आज अण्णा नाही, त्याच्यावरचा रागही उरलेला नाही. पण ते बोल्ट मी माझ्या हातानं आवळले होते, आणि तो संताप अजून जात नाही.