परतीच्या बोटीवरची खूण

मी गप्पा हाणणारा माणूस. आमच्या मागांच्या आवाजाने परळची कबुतरं बहिरी झाली, असं मी गिरणीत सांगायचो आणि लोक चहा पाजून पुढचं ऐकायचे. तेव्हा हेही कुणाला थाप वाटलं तर माझा राग नाही. पण हे घडलंय.

संप झाला, गिरणी गेली. माझी बायको मालू हिने लालबागच्या खोलीत खानावळ चालवून आम्हाला जगवलं. तिने लाटलेल्या चपात्या ओळीने मांडल्या असत्या तर सावंतवाडी गाठली असती. तिची हौस एकच, बोटीत बसून नारळाच्या झाडांचं बेट बघायचं. मुलगी कमावती झाल्यावर तिने लक्षद्वीपची छोटी, स्वस्तातली क्रूझ ठरवली. निघायच्या आधीच मालू गेली.

"बाबा, तुम्ही तरी जा. आईच्या वाटचं बघून या," मुलगी म्हणाली. मी निघालो. परत यायचं माझ्या मनात नव्हतं, हे तिला सांगितलं नाही.

आमच्या गावचा वेतोबा रात्रभर फिरून भक्तांची राखण करतो. त्याच्या चपला झिजतात म्हणून लोक नव्या वाहतात. मालूच्या आजारात मीही हातभर लांबीचा जोड वाहिला होता. काही उपयोग झाला नाही. मनात म्हटलं, देवा, आता जातो तिथे तुझ्या चपला चालायच्या नाहीत.

बेट पाहिलं. पाणी मालूच्या शालूसारखं हिरवंगार. ते बघून उरलासुरला धीरही गेला. परतीच्या संध्याकाळी डेकवर गाणी अशी दणाणत होती की खाली मासेही नाचत असावेत. मी कठड्याशी उभा राहिलो आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "मालू, येतो गं."

गर्दीपलीकडून एक म्हातारा माझ्याकडे रोखून बघत होता. त्याचेही ओठ हलले, "थांब." मग त्याने दोन बोटं एकमेकांभोवती फिरवली. मागांच्या खडखडाटात आम्ही विणकर एकमेकांचे ओठ वाचायचो, हातांनी बोलायचो. ही आमची खूण होती: धागा तुटलाय, माग थांबव, जोडायला येतोय.

त्याने येऊन माझं मनगट धरलं.

"खंयच्या खात्यातलो?"

"विणकामातलो."

"मगे धागो तुटलो म्हणान माग भंगारात घालतस काय रे, मेल्या?"

मी लहान पोरासारखा रडलो. त्याने समोर बसून मला भात खायला लावला. मुंबई जवळ आल्यावर फोन लागू लागताच मुलीला सगळं सांगायला लावलं. ती धक्क्यावर धावत आली, मला घट्ट धरून उभी राहिली. मी मागे वळलो तोवर तो गर्दीत निघाला होता. पायांत भल्यामोठ्या, टाचेशी झिजलेल्या चामडी चपला.

असेल कुणी माझ्यासारखाच जुना विणकर. मी वाद घालत नाही. आता देवाकडे काही मागत नाही. ओठ हलवतो आणि त्याच्यावर सोडतो. वाचणारा वाचतो.

यंदा वेतोबाला नवा जोड पाठवायचा होता. मुलीने विचारलं, "माप केवढं सांगू, बाबा?"

म्हटलं, "जरा मोठंच सांग. खाऱ्या पाण्यात चामडं आक्रसतं."