दुसऱ्या सिलिंडरची नाडी

१२ मार्च २०१९, मंगळवार. टॅक्सीवाल्याने मोठ्या वर्कशॉपच्या खिडकीवर अकरा हजार आठशे चाळीस रुपये मोजले आणि गाडी होती तशीच थरथरत बाहेर काढली. तिथल्या कॉम्प्युटरने दुसऱ्या सिलिंडरवर बोट ठेवले होते. त्यांनी ठिणगी पाडणारे चारही प्लग बदलले, दुसऱ्या प्लगला वीज देणारी कॉइलही बदलली. तरी पळताना गाडी लोण्यासारखी, आणि सिग्नलला उभी राहिली की हुडहुडी भरल्यासारखी.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता हॉस्पिटलचा वाहतूक कारकून गाडीत बसून पाहणी करणार होता. डायलिसिसच्या रुग्णांची वर्षभर ने-आण करण्याचे काम होते. ते हुकले तर गाडी विकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

"मागच्या गल्लीत कानसेन बसतो, त्याला दाखव," टायरवाला म्हणाला. म्हणून बुधवारी टॅक्सीवाला त्या गॅरेजात गेला आणि म्हाताऱ्या मेकॅनिकला मोठ्या आवाजात सारी हकिगत सांगू लागला.

"ओरडू नका हो," काउंटरमागून मेकॅनिकची बायको, सगळ्यांच्या काकू, म्हणाल्या. "त्यांना ऐकू येत नाही. शेजाऱ्यांना मात्र येतं."

टॅक्सीवाल्याचे अवसानच गळाले. इंजिनाचे मिसिंग, म्हणजे चुकणारा ठोका, पकडायला बहिरा माणूस! टायरवाल्याने चांगलीच टोपी घातली होती.

काकूंना त्याच्या चेहऱ्याची सवय असावी. "बावीस वर्षं जनरेटरच्या खोलीत होते. कान तिथेच ठेवून आले. मग दोन वर्षं नुसते घरात बसून. एकदा माझ्या शिलाई मशीनला हनुवटी टेकवली आणि म्हणाले, पट्टा सैल झालाय."

"झाला होता?"

"झाला होता ना. मी महिनाभर सुईला शिव्या देत होते."

काकांनी तोवर टॅक्सीवाल्याच्या हातातला वर्कशॉपचा रिपोर्ट वाचून बॉनेट उघडले होते. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवून त्यांनी त्याची लाकडी मूठ दातांत धरली आणि डोळे मिटले. मग एकेका कॉइलची वायर काढून पुन्हा लावू लागले. पहिली काढली तसे इंजिन अडखळले. तिसरी आणि चौथी काढल्यावरही तेच. दुसरी काढली, तर काहीच फरक पडला नाही.

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही," मूठ तोंडातून काढून काका म्हणाले. "दुसरा नुसता बसून खातोय. पण का, ते त्याला कोणी विचारलं नाही."

त्यांनी दुसऱ्याचा प्लग आणि कॉइल तिसऱ्याला लावून पाहिली. आजार दुसऱ्यातच राहिला. मग पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्टरवर टोक टेकवले. "ठिणगी आहे, पेट्रोल येतंय. आता राहिली हवा."

काकूंनी न सांगताच इस्त्रीच्या वेळी पाणी फवारायची बाटली पुढे केली. हवेचा पाइप इंजिनाला जिथे जोडला जातो, त्या सांध्यावर काका बोट-बोट अंतराने पाणी मारत गेले. दुसऱ्या सिलिंडरपाशी पाणी आत ओढले गेले आणि थरथर थांबली. दोन श्वास, फार तर तीन. मग पुन्हा सुरू. अकरा हजारांत जे सापडले नव्हते, ते इस्त्रीच्या पाण्याने दाखवले होते.

"इथून चोरून हवा जाते," काका म्हणाले. "गाडी पळताना मोठे घास घेते, एवढी चोरी खपून जाते. उभी असली की घासच चिमूटभर. त्यात चोरी झाली की उपाशी राहते बिचारी."

सांध्यातून हवा शिरू न देणारी रबरी पट्टी, गॅस्केट, वाळून चिरली होती. ती बदलायला दीड तास लागला. मग काकांनी स्क्रू ड्रायव्हरचे टोक चालू इंजिनावर टेकवले आणि लाकडी मूठ पुसून टॅक्सीवाल्यापुढे धरली. "चावा."

त्याने संकोचत चावली. दातांतून, जबड्यातून, थेट डोक्याच्या कवटीत ठोके उमटले. एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक. नऊ वर्षे तो या इंजिनामागे बसत होता, पण ते असे चालते हे त्याला आज कळत होते. बोलून काकांना ऐकू आले नसते. त्याने वाकून नमस्कार केला.

"अहो, ती मूठ आधी तोंडातून काढा," काकू म्हणाल्या.

गुरुवारी कारकुनाने गाडी पाच मिनिटे उभी चालू ठेवायला सांगितली. त्याच्या मांडीवर ठेवलेला फॉर्म जराही हलत नव्हता. पाच मिनिटांनी त्याने त्याच फॉर्मवर मंजुरीची सही केली.

गॅस्केटचे दोनशे वीस आणि मजुरी चारशे, मिळून सहाशे वीस झाले होते. टॅक्सीवाल्याच्या खिशात बुधवारी सहाशे होते. वीस रुपये अजून देणे आहे.