मालूबाईंचा हौलदिल

माझ्या सासूबाई मालूबाई यांच्याइतकं भित्रं माणूस आमच्या अख्ख्या लोधीपुरा मोहल्ल्यात सापडायचं नाही. पाल दिसली की भीती, कुकरची शिट्टी लांबली की भीती, आणि माझा नवरा निरंजन इंदूरहून फोन करायचा विसरला तर मग विचारूच नका. गंमत अशी, की आसपासच्या गावांतली भेदरलेली माणसं भीती उतरवायला त्यांच्याकडेच यायची.

कारण आमच्या घरात हौलदिल आहे. फिकट हिरवा, किंचित दुधाळ, चपटा दगड. विड्याच्या पानाच्या आकाराचा, वर भोक पाडून काळ्या दोऱ्यात ओवलेला. हौल म्हणजे काळजाचा थरकाप. हा दगड तो शोषून घेतो म्हणून हे नाव. सासरे मोतीलाल सांगतात, त्यांच्या पणजोबांनी एका म्हाताऱ्या हकिमाची सेवा केली, तेव्हा त्याने तो दिला. हकिमाकडे कुठून आला, याच्या मात्र घरात जेवढी तोंडं तेवढ्या कथा. कुणी म्हणे मोगल सरदाराच्या छातीवरचा, कुणी म्हणे चीनच्या बाजूने उंटांच्या तांड्याबरोबर आलेला. शनवारा पेठेतल्या सोनाराने भिंग लावून सांगितलं की हा पाचू नव्हे, यशब आहे, हल्ली त्याला जेड म्हणतात. सासूबाईंना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

वापरायची रीत ठरलेली. दगड बरोबर काळजावर येईल असा बांधायचा आणि त्याला बुडवून ठेवलेलं पाणी घोटघोट पाजायचं. झोपेत किंचाळणारी पोरं यायची, पोटातलं मूल पडल्यावर गप्प झालेल्या बायका यायच्या. डोईफोडिया गावचा कडू नावाचा शेतकरी केळीच्या बागेत बिबट्या समोर आल्यापासून बोलेनासा झाला होता. तो आठवडाभर दगड बांधून हिंडला आणि एक दिवस बायकोशी कडाकडा भांडला. भांडला म्हणजे बरा झाला, असं सासूबाईंनी जाहीर करून टाकलं.

एक नियम मात्र फार कडक. धडधड आपोआप थांबेपर्यंत दगड काढायचा नाही. मध्येच काढला तर शोषलेला हौल दुपटीने त्याच माणसावर उलटतो. ते टाळायचं तर दुसऱ्या कुणीतरी लगेच तो आपल्या छातीवर घ्यायचा, म्हणजे सगळा हौल त्याच्यात उतरतो. म्हणून सासूबाईंनी स्वतः तो जन्मात कधी घातला नव्हता. "सगळ्या दुनियेची भीती बसेल आहे त्यात," म्हणायच्या आणि दोऱ्याच्या टोकाला धरून डब्यात सोडायच्या.

गेल्या वैशाखात सासरे आंघोळ करून आले आणि ओट्यावर मटकन बसले. पुसलेलं अंग पुन्हा घामाने निथळत होतं.

"छातीत कसंतरीच होऊन राहिलं," ते म्हणाले.

मी रिक्षावाल्या योगेशला फोन लावेपर्यंत सासूबाईंनी हौलदिल आणून त्यांच्या गळ्यात बांधलाही होता.

"आई, अहो दवाखान्यात न्यायचंय त्यांना!" मी ओरडले.

"ने ना, मी कुठं नाही म्हणते? पण दगड राहू दे."

रिक्षात सासऱ्यांचे ओठ काळसर पडत चालले होते. मला इतकी भीती वाटत होती की योगेशला धड रस्ताही सांगता येईना.

दवाखान्यात ईसीजीच्या तारा घेऊन कंपाउंडर आला आणि त्याने दोऱ्याला हात घातला. सासूबाईंनी दोन्ही हातांनी दगड दाबून धरला.

"माताजी, हटाइए इसे. तार यहीं लगेगी."

"नको रे बाबा! आता काढला तर सगळा हौल पलटेल. मरतील ते!"

"और नहीं हटाया तो?" डॉक्टरांनी विचारलं.

माझं डोकंच फिरलं. सासूबाईंचे हात हिसकावणार होते, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि थबकले. आम्ही सगळे मिळून त्यांच्या नवऱ्याचा जीव घ्यायला निघालोय, असं त्यांना अगदी खरोखर वाटत होतं.

"आई, आणा इकडे. मी बांधून घेते," मी म्हणाले.

"तुले लेकरू आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी सासऱ्यांच्या गळ्यातली गाठ दातांनी सोडली. डोळे घट्ट मिटले आणि तो दोरा स्वतःच्या गळ्यात बांधला. दगड पदराखाली गेला तसा त्यांच्या तोंडून बारीकसा हुंकार निघाला.

मग तारा लागल्या. झटका मोठा होता. इंजेक्शन दिलं गेलं. आणखी उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाई बाहेरच्या बाकावर बसून होत्या. पाणी दिलं तर दातांवर पेला वाजला.

"वैजू, माझे ठोके बाहेर ऐकू येतात का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही आई," मी म्हणाले आणि त्यांचा हात धरला. दोघींचेही हात गार होते.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी डोळे उघडले. आधी छातीवर हात फिरवला, मग बायकोच्या गळ्यातला काळा दोरा त्यांना दिसला. चाळीस वर्षांचा संसार. त्यांना काय ते लगेच कळलं.

"काढ ते," ते कसेबसे म्हणाले. "दे मले. तुले नाही झेपनार."

"गपचूप पडून राहा तुम्ही," सासूबाई म्हणाल्या. "दोघांचं मी भिऊन घेते."

तेवढ्यात उशाचं मशीन वाजलं आणि त्या केवढ्या दचकल्या. पण दोऱ्याच्या गाठीला त्यांनी हात लावला नाही.