चष्मा निघाला फ्रान्सला

प्रदीपच्या चष्म्याचा नंबर उणे आठ. शाळेत आम्ही त्याला 'दुर्बीण' म्हणायचो. त्याला राग यायचा नाही असं नाही, पण कोण म्हणालं हे बघायला चष्मा लागायचा, आणि चष्मा आमच्याकडे असायचा.

घोटावड्यात विहाराच्या मागच्या गल्लीत त्याचं घर. वडील लवकर गेले. आई आक्काबाई, धाकटा भाऊ रवी, आणि हा. आयटीआय केलं, त्यावर डिप्लोमा केला आणि गावच्या हद्दीतच पंपाचे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासणीच्या टेबलावर लागला. आलेला भाग भिंगाखाली धरायचा, ओरखडा दिसला तर बाजूला टाकायचा. ज्याला दहा हातांवरची म्हैस ओळखू येत नाही त्याला कंपनीने ओरखडे शोधायला बसवलं, हे आम्हाला फार आवडलं होतं. पण काम तो चोख करायचा. नोकरी कायम मात्र नव्हती, कराराची होती.

मालक फ्रान्सचे. घोटावड्यात उत्पादनाची नवी लाइन टाकायची होती आणि तिची तपासणी शिकून यायला एकाला वर्षभर तिकडे पाठवायचं होतं. वर्ष नीट काढलं की इथं इन्चार्ज, आणि नोकरी कायम. प्रदीपची निवड झाली. चौकात फ्लेक्स लागला. फोटोत चष्म्यावर उजेड चमकल्यामुळे डोळे दिसत नव्हते, पण खाली नाव मोठं होतं.

तिकडे चौथ्या महिन्यात तो स्वतःच्याच चष्म्यावर बसला. चष्मा कुठे ठेवलाय ते बघायला चष्मा लागतो, त्यात त्याची काय चूक. डावी काच फुटली, उजवी वाचली. काडीला चिकटपट्टी लावून, एका डोळ्याने, तो दुकानात गेला. तिथून त्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच घरी होतो.

"सहाशे युरो म्हणतोय," प्रदीप म्हणाला.

"म्हंजी किती?" आक्काबाईंनी विचारलं.

"साठ हजार."

आक्काबाईंनी बोटांवर हिशोब केला. मग म्हणाल्या, "साठ हजारात दुभती म्हस येती. काचा काय सोन्याच्या हायेत का?"

"नंबर मोठा हाय ना आये. जाड काच पातळ करायचे पैशे."

"मग जाडच घे की."

"जाड नाकावर टिकत न्हाई."

तिथल्या लोकांना म्हणे सरकारी विम्यातून एक साधा चष्मा फुकटसुद्धा मिळतो. पण प्रदीप कागदोपत्री इथलाच नोकर, त्याचा पीएफ पुण्यात कापला जायचा, त्यामुळे तिथल्या विम्यात तो नव्हता. कंपनीने काढून दिलेल्या प्रवासाच्या विम्यात हाड मोडलं तर पैसे मिळणार होते, चष्मा मोडला तर नाही.

"मग एक हाड मोडून घे," रवी म्हणाला, "त्यातच चष्म्याचं भागवू."

"गप ए," आक्काबाई म्हणाल्या.

पगारातलं जवळपास सगळं प्रदीप घरी पाठवत होता, घरावर स्लॅब पडायचा होता. साठ हजार म्हणजे अर्धा स्लॅब. पिरंगुटच्या दुकानात त्याच नंबरचा चष्मा, पातळ काचेचा, पाच हजारात होत होता, वर डबी आणि पुसायचं फडकं. डोळ्यांच्या नंबरची जुनी चिठ्ठी घरीच होती. मग साठ हजार कोण घालणार? ठरलं, इथून करून पाठवायचा. तोवर प्रदीपने एका डोळ्यावर भागवायचं.

चार दिवसांत चष्मा तयार झाला. रवीने डबी आणली, पुठ्ठ्याचं खोकं आणलं. आक्काबाईंनी खोक्यात डोकावून बघितलं.

"एवढंच?"

"चष्माच पाठवायचाय आये."

"आन ते पोरगं परक्या मुलखात खोकं उघडणार, आन आत नुसता चष्मा? आमच्यात शेजारणीची वाटीबी रिकामी परत देत न्हाईत."

त्यांनी टॉवेलची गुंडाळी केली. गुंडाळीत घरच्या तुपाची बाटली, तिच्या शेजारी पावशेर पेढे आणि मधोमध चष्म्याची डबी, हादरा बसू नये म्हणून. रवीने माझ्याकडे बघितलं, मी रवीकडे. कुरिअरच्या कागदावर आत काय आहे ते लिहायचं होतं. तूप लिहिलं तर पैसे जास्त लागतील असं वाटून रवीने लिहिलं, 'चष्मा, टॉवेल'. मलाही ते शहाणपणाचं वाटलं. टॉवेल होताच की.

पुढे रोज रवी मोबाईलवर खोकं कुठवर पोचलं ते आईला सांगायचा. मुंबई सुटली. आखात आलं. पॅरिस आलं. आक्काबाई गल्लीत सांगत फिरायच्या, "आमचं खोकं फ्रान्सात उतरलं."

तिकडे प्रदीप एका डोळ्याने ओरखडे शोधत होता. त्याच्यावरची सुपरवायझर बाई चांगली होती. तिने दोनदा विचारलं, दिसतंय ना? दिसतंय म्हणाला. चष्मा येतोय म्हणाला. नीट दिसत नाही म्हणावं तर टेबलावरून उठवतील, आणि टेबलावरून उठला तर शिकणार काय आणि इन्चार्ज होणार कसा? तिने त्याला खिडकीजवळचं टेबल दिलं.

मग एक दिवस त्याचा फोन मला आला. घरी न करता मला केला, तेव्हाच मी समजलो.

"खोक्यात काय व्हतं? खरं सांग."

"चष्मा."

"आणि?"

"टॉवेल."

"लेका."

"तूप व्हतं. आन पेढे."

तो म्हणाला, "हितं बाहेरच्या देशातनं दुधाचं काही येऊ देत न्हाईत. त्यात कागदावर लिवलेलं न्हाई. सगळं खोकं नष्ट करणारेत."

"चष्मा पण?"

"मग काय तुपातनं निथळून देतील?"

मी हसलो. तोही थोडा हसला असावा. "आयेला काय सांगू नको," म्हणाला. "विमानतळावर हरवलं म्हण."

दुसऱ्या दिवशी तो त्याच दुकानात गेला आणि सहाशे युरोंचा चष्मा सांगितला. दुकानदार म्हणाला, दोन आठवडे. त्या महिन्याचे पैसे घरी आले नाहीत. रवीने स्लॅबवाल्याला पुढची तारीख दिली. आक्काबाईंनी विमानवाल्यांच्या सात पिढ्या काढल्या.

चष्मा आला. प्रदीप तो लावून कामावर गेला, तर त्याच्या टेबलावर भागांचे ट्रे मांडलेले. गिऱ्हाइकाकडून परत आलेला माल. एक भाग उचलून त्याने उजेडात धरला. कडेला ओरखडा. दुसरा उचलला. साठ हजारांच्या चष्म्यातून त्याने नीट बघितलेली पहिली गोष्ट म्हणजे त्याने स्वतः पास केलेले ओरखडे. ते इतके स्पष्ट होते, म्हणाला, की आपल्याला दिसले नाहीत यावर त्याचाच विश्वास बसेना.

सुपरवायझर बाईने आवाज चढवला नाही. दिसत नव्हतं तर सांगितलं का नाहीस, एवढंच विचारलं. तूप, पेढे, पाच हजार, साठ हजार, स्लॅब हे सगळं त्याला येत होतं तेवढ्या फ्रेंचमध्ये बसणारं नव्हतं. तो सॉरी म्हणाला. आठवडाभराने त्याला परतीचं तिकीट मिळालं. इथला वर्षावर्षाचा करार संपायला थोडेच दिवस उरले होते. तो पुढे वाढवला गेला नाही.

आता तो जवळच्याच चांदे गावातल्या एका गोदामात ठेकेदाराकडे आहे. खोक्यांवर लेबल चिकटवतो. फ्रान्सचा चष्मा नाकावर आहेच. पोरं त्याला फ्रेंच साहेब म्हणून 'मुसू' म्हणतात आणि चष्मा मागतात लावून बघायला. तो देतो. कंपनीत नवी लाइन सुरू झाली, तपासणीला बाहेरगावचा कुणी आणलाय.

परवा मी गेलो तेव्हा प्रदीप जेवत होता. आक्काबाई समोर बसल्या होत्या.

"मी म्हंते," त्या मला म्हणाल्या, "ह्यानं पयल्याच दिशी तिकडंच चष्मा घेतला आसता तर?"

मी प्रदीपकडे बघितलं. तो भाकरी मोडत होता.

"तरीबी परत पाठिवलंच आसतं आये," तो म्हणाला. "तिकडं कामच कमी झालं."

"व्हय का?"

"व्हय."

"मग हितली कंपनी बोलवंल की परत. त्यास्नी तुझं काम ठावं हाय."

"बोलवंल," प्रदीप म्हणाला.

त्यांनी त्याच्या भाकरीवर तूप वाढलं. त्याने नको म्हटलं नाही. खाऊन उठला, चष्मा पुसला आणि गोदामाच्या गाडीची वेळ झाली म्हणून चौकाकडे निघाला.