पाठमोरा

तेव्हा, नव्वदीच्या दशकात, मी बारामती-इंदापूर पट्ट्यात मेडिक्लेमच्या पॉलिस्या विकत फिरायचो. लासुर्ण्याच्या एसटी थांब्यावर एक म्हातारा नेहमी भेटे. खांद्यावर घोंगडी, बोलताना माणसाच्या डोळ्यांत बघायची सवय.

त्याच्या बायकोला कॅन्सर होता. कारखान्यात असलेल्या मुलाच्या पॉलिसीवर ऑपरेशन झालं, मग डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं. दुखणं काही हटेना. देवळातल्या गोसाव्याकडून आणलेला गांजा ओढला की तिला जरा आराम पडे, दोन घास पोटात जात.

"तुमची कंपनी ह्याचं पैसं देती का?" त्यानं विचारलं.

मला हसू आलं. "आबा, हे बेकायदा आहे. आणि घरातल्या औषधपाण्याला पॉलिसी लागूच होत नाही."

"म्हंजे दवाखान्यात कण्हली तर दुखणं, आन घरी कण्हली तर न्हाय?"

तो पुढं सांगत राहिला. नवऱ्यादेखत चिलीम ओढायची तिला लाज वाटे. म्हणून तो चिलीम पेटवून तिच्या हातात द्यायचा आणि उंबऱ्यावर पाठ करून बसायचा. ती "झालं" म्हणाली की वळायचा.

पुढं बऱ्याच दिवसांनी तो त्याच थांब्यावर दिसला, भिंतीकडं तोंड करून बसलेला. मी तिची चौकशी केली. त्यानं मान वळवली नाही.

"त्या दिशी खोकलीबी न्हाय. म्हनलं, आज चांगला गुण आला. दिस मावळला तरी बसूनच हुतो. तिनं झालं म्हनल्याबिगर वळायचं कसं?"