पोपटीतलं धाकटं मडकं

वालाच्या शेंगांशी माझ्या पोटाचा उभा दावा. तरी या थंडीत निडीजवळच्या गावात, ताईच्या सासरी, पोपटी म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा खायला निघाले, कारण ताई फोनवर चक्क रडली. "तू एकदाही इथे जेवली नाहीस. सासूबाईंना वाटतं, आपण त्यांना कमी लेखतो." आता आयबीएस आहे, पोट कधी दगा देईल नेम नाही, हे बहिणीच्या सासूला कसं सांगायचं!

पनवेलहून रोह्याची गाडी धरली. माझ्यासारख्यांनी एसटीपेक्षा रेल्वेच बघावी. तिकीट स्वस्त, डब्यात संडास, जीव थाऱ्यावर. पेणला उतरून पापड घेतले. "यात उडीद नाही ना?" मी पुन्हा पुन्हा विचारलं. दुकानातली बाई हसली, "नाय गो बाय, निस्ते पोह्याचे हायत." पुढच्या गाड्या कमी असतात, तेव्हा वेळ बघूनच उतरा.

गहू, दूध, कांदा, लसूण, कडधान्यं, सगळं मला आहारतज्ज्ञांनी बंद केलंय. (तुमचं पोट वेगळं, तुमच्या डॉक्टरांना विचारा.) पोचल्या पोचल्या ताईच्या सासूबाईंना, मी त्यांना मावशी म्हणते, एका दमात सगळं सांगून टाकलं. त्या तशाच उठून मडकी धुवायला गेल्या. मेले, म्हटलं!

ऊन कलल्यावर शेतात मडकं भरायला घेतलं. भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, मीठ, ओवा, वर परत पाला. मग मावशींनी एक धाकटं मडकं ओढलं. त्यात बटाटे, अंडी आणि नुसतं मीठ लावलेली कोंबडी. एकही शेंग नाही. दोन्ही उपडी घालून पेंढा पेटवला. वास काय सुटला म्हणून सांगू!

सगळे मोठ्या मडक्यावर तुटून पडले. मावशी मात्र माझ्याशेजारी बसल्या आणि माझ्या मडक्यातला बटाटा सोलायला लागल्या.

"मावशी, शेंगा नाही घेत?"

"मला नाय सोसत," त्या हळूच म्हणाल्या. "दरसाल वाढत फिरते, कोणाला कळत नाय. पोपटी घालणाऱ्या घरची बाय शेंगा खात नाय, हे सांगायचं कोणाला गो?"

शेंगा वाढायला आलेली ताई थक्क. "मग आई, तुम्ही जेवता काय?"

"घरी जाऊन पेज."

मी हसून धाकटं मडकं त्यांच्याकडे सरकवलं. आम्ही दोघींनी मडकं पार रिकामं केलं.

घरी परतल्यावरही पोट शहाण्यासारखं वागलं, आणि मावशींचा तर लळाच लागलाय. काल ताईचा फोन आला. पुन्हा पोपटी लागली होती, आणि मावशींनी सगळ्यांदेखत धाकटं मडकं भरायला घेतलं. शेजारीण म्हणाली, "पाहुणी परत येतेय वाटतं?"

"नाय गो," मावशी म्हणाल्या. "हे माझं हाय."