कालचा दिवस सांगा

पलूसच्या एका लहानशा दवाखान्यात, एक्स-रेच्या खोलीला लागून, शालन कांबळे मॅडम बसायच्या. त्या आहारतज्ज्ञ. समोरच्या माणसाने रिपोर्टांची पिशवी पुढे केली की त्या ती हलकेच बाजूला सरकवायच्या आणि म्हणायच्या, "हे नंतर बघते. आधी कालचा दिवस सांगा. काय खाल्लं ते नको. उठल्यापासून काय काय केलं, ते सांगा."

माणसं गोंधळायची. मीही गोंधळलो होतो. मी जनावरांचा डॉक्टर. पलूस, कुंडल आणि भोवतालच्या वस्त्यांवर वीसेक वर्षं गाईम्हशींच्या मागे फिरतो आहे. पंचेचाळिशी ओलांडली आणि रक्तात साखर निघाली. सांगलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सोबत एक छापील तक्ताही दिला. आठला नाश्ता, अकराला फळ, एकला वाटीभर कोशिंबिरीसह जेवण, चारला मूठभर फुटाणे, साडेसातला हलकं जेवण. तक्त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. नीताने, माझ्या बायकोने, तो फ्रिजवर चिकटवला. मी तीन महिने मनापासून प्रयत्न केला, पण लागोपाठ दोन दिवसही तो पाळता आला नाही. साखर उलट वाढली. डॉक्टर म्हणाले, तुमचा जिभेवर ताबा नाही. नीताचंही तेच मत पडलं, आणि खरं सांगायचं तर माझंही.

अशा अपराधी मनाने मी मॅडमपुढे बसलो आणि कालचा दिवस सांगितला. सातला फोन आला, कुणाची तरी म्हैस अडली होती. फक्त गोळी घेऊन निघालो. मग एकामागून एक पाच घरं, प्रत्येक घरी चहा. दुपारचं जेवण साडेतीनला, तेही स्टँडवरचे दोन वडापाव. घरी आल्यावर अशी भूक लागलेली की ताटात काय पडतंय याची शुद्ध नाही. मॅडम वहीत लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "डॉक्टर, गाभण म्हैस, दुधातली म्हैस आणि भाकड म्हैस, तिघींना एकच खुराक सांगता का तुम्ही?"

म्हटलं, छे, असं कसं सांगणार? तिघींची गरज वेगळी.

"मग स्वतःला का दुसऱ्याच कुणाचा तरी लावून घेतलाय?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं.

त्या दिवशी त्यांनी काहीच लिहून दिलं नाही. गुरुवारी त्यांची सुट्टी असे. त्या गुरुवारी सकाळी त्या वही घेऊन माझ्या जीपमध्ये येऊन बसल्या. एखाद्या पेशंटचं काम तोंडी सांगून कळत नसेल तर त्या असंच करत, हे मला नंतर समजलं. बसायची खुर्ची आणि जेवायची सुट्टी ज्यांना नक्की असते, त्यांना छापील कागद पुरतो, असं त्या म्हणायच्या. बाकीच्यांचा दिवस डोळ्यांनी बघावा लागतो.

पहिलं घर कुंडलच्या पारूबाईंचं. गाईला इंजेक्शन दिलं, हात धुतले, तोवर चहाची कपबशी समोर आली. मॅडम शेजारीच उभ्या, म्हणून मी नको म्हणालो. पारूबाईंचा चेहरा पडला. "आवं डाक्टर, आमच्या घरचा चा गोड लागंना व्हय आता?"

मी मुकाट्याने चहा प्यालो. मॅडमनी अडवलं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, यांना आजाराचं का सांगत नाही? मी म्हटलं, जो स्वतःच आजारी आहे तो आमची जनावरं काय बरी करणार, असं लोकांना वाटेल. हे मी नीताजवळही कधी बोललो नव्हतो. मॅडमनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "मी सांगू का? तुम्ही नाही म्हणालात तर नाही सांगणार."

मी मानेनेच होकार दिला. त्या परत आत गेल्या. काय बोलल्या ते ठाऊक नाही. पण पारूबाई दारापर्यंत आल्या आणि मला दटावत म्हणाल्या, "येवढं लपवायचं काय त्यात? माझ्या मालकांस्नी बी हाय की. म्होरल्या बारीला ताक देते." आठ-दहा दिवसांत कुंडलभर हे पसरलं आणि मला कुणी गोड चहा विचारेना. माझा मान मात्र तसूभरही कमी झाला नाही.

त्या गुरुवारी दुसरं घर मळ्यातलं होतं. म्हैस अडलेली, रेडकू आडवं आलेलं. ते सोडवेपर्यंत एक वाजून गेला. म्हैसही वाचली, रेडकूही वाचलं. आम्ही निघालो. कालव्याच्या रस्त्याला लागलो आणि स्टिअरिंगवर माझे हात थरथरायला लागले. कपाळाला गार घाम सुटला. मी गाडी चालवतच राहिलो असतो, कारण असं अधूनमधून व्हायचं आणि मी ते थकव्यावर ढकलायचो. मॅडमनी हुकूम सोडावा तशा आवाजात गाडी थांबवायला सांगितली. पर्समधली साखरेची पुडी काढून पाण्यात विरघळवली आणि मला पाजली. डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातात दिली. पंधरा-वीस मिनिटांनी मला समोरचं स्वच्छ दिसायला लागलं. सकाळची गोळी रिकाम्या पोटी गेली होती आणि दुपारपर्यंत अन्नाचा कण नव्हता. ते वळण मी तशाच हातांनी घेतलं असतं तर जीप कालव्यातच होती.

तिथे कालव्याच्या कठड्यावर बसून त्यांनी मला अक्काची गोष्ट सांगितली. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, साताऱ्याला एका दवाखान्यात नर्स. आज सकाळची ड्युटी, उद्या दुपारची. मॅडम नुकत्याच शिकून आल्या होत्या. अक्काला साखर निघाली तेव्हा त्यांनी अभिमानाने तिला वेळापत्रक करून दिलं, अगदी पुस्तकातल्यासारखं. धाकट्या बहिणीचा शब्द म्हणून अक्का घड्याळ लावून गोळी घ्यायची. एक दिवस वॉर्ड भरलेला, गोळी पोटात आणि डबा पिशवीतच. जिन्यावर तिला चक्कर आली. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर तिला वॉर्डात उभं राहून काम करता आलं नाही.

"अक्का मला कधी रागानं बोलली नाही," मॅडम म्हणाल्या. "एवढंच म्हणाली, तुजा कागद लय चांगला हाय गं शालू. पर त्यो बसून खाणाऱ्याचा हाय."

एवढं सांगून त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग उठल्या आणि तिथूनच माझ्या डॉक्टरांना फोन लावला. गोळी घड्याळावर न ठेवता पहिल्या जेवणाबरोबर घेतली तर चालेल का, असं विचारलं. डॉक्टरांनी होकार दिला, मला बोलावून घेऊन गोळीची मात्राही बदलली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाताने लिहिलेलं एक पान दिलं. त्यात घड्याळाची वेळ कुठेच नव्हती. पहिला फोन आला तरी जीप सुरू करण्याआधी चार घास खायचे. नीताने भाकरीत घट्ट झुणका भरून गुंडाळी करायची, म्हणजे एका हाताने खाता येते. गाडीत दोन उकडलेली अंडी आणि काकड्या. मी विचारलं, कोशिंबीर नको का? त्या म्हणाल्या, "कोशिंबिरीला वाटी लागते. वाटी धरायला तुमचा हात कुठे मोकळा असतो?" मी फ्रिजवरचा तक्ता काढला. पुढच्या सहा महिन्यांत साखर खाली आली आणि तिथेच राहिली. खाण्यात मी काही मोठा त्याग केला नव्हता. फक्त ते खाणं आता माझं होतं.

दवाखान्याच्या मालकांना मात्र त्यांची ही पद्धत पसंत नव्हती. एका पेशंटला पाऊण तास, आणि बाहेर रांग. त्यांनी छापील तक्त्यांचा गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. मॅडमनी वाद घातला नाही. महिनाभराने त्या सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याला गेल्या. तिथे कारखान्यांत पाळ्या चालतात, माझी तिथे जास्त गरज आहे, एवढंच म्हणाल्या. 

गेल्या वर्षी पुण्याला एका लग्नाला जाताना मी खंडाळ्याला उतरलो. एका कारखान्याच्या फाटकाजवळ त्यांची छोटी खोली आहे. केस बरेच पांढरे झालेत. आम्ही बोलत होतो तेवढ्यात चाळिशीतला एक कामगार दारात आला. त्यांनीच लिहून दिलेला कागद त्याच्या हातात होता. मांडीवर हेल्मेट धरून तो खुर्चीच्या कडेला टेकला आणि खाली बघत म्हणाला, "मॅडम, न्हाई जमलं. सुट्टीत खायाला सांगितलं हुतं तुमी, पर मशीन सोडता येत न्हाई. माझीच चूक हाय."

मॅडमनी कागद घेतला, पूर्ण वाचला आणि मधल्या तीन ओळींवर काट मारली.

"तुमची नाही, माझी चूक आहे," त्या म्हणाल्या. "मशीन सोडता येतं का, हे मी तुम्हाला विचारलंच नव्हतं."

त्याने मान वर केली. मग त्याने हेल्मेट खाली जमिनीवर ठेवलं आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.